खुंट विचारा: नाशिकच्या नर्सऱ्यांत मिळणारी अवोकाडोची कलमं

अवोकाडोचं रोप घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक आधी पानं बघतं, मग उंची, मग लेबलावरचं ‘हास’ हे जातीचं नाव, आणि पैसे देऊन मोकळं होतं. हाच माणूस द्राक्षाच्या बाबतीत असं करणार नाही. खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात तो खालचा, मुळांचा भाग; तो डॉगरिज घ्यायचा की ११०-आर, हे ठरल्याशिवाय दिंडोरी-निफाडकडे बाग उभी राहत नाही, कारण जमिनीतला चुना आणि बोअरचं खारं पाणी वरची जात सोसत नाही, खालचा खुंट सोसतो. अवोकाडोचंही तेच आहे, फक्त क्षारांच्या बाबतीत तो द्राक्षापेक्षा कितीतरी हळवा. तरी कलम घेताना ‘खाली कोणता खुंट आहे?’ असं क्वचितच कुणी विचारतं, आणि विचारलंच तर बहुतेक ठिकाणी ‘गावठी’ एवढंच उत्तर मिळतं.

शहराच्या आसपासच्या नर्सऱ्यांत आणि ऑनलाइन मागवलेल्या मालात तीन प्रकार येतात: बी-रोप, स्थानिक कलम आणि बाहेरून आणलेलं क्लोनल कलम. नर्सऱ्यांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. एकाच नर्सरीत जूनची खेप आणि सप्टेंबरची खेप यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, त्यामुळे नावापेक्षा समोरची पिशवी तपासणं कामाचं.

बी-रोप: पाचपैकी एक

शे-दोनशेला मिळतं, ‘बटर फ्रूट’ म्हणून विकलं जातं. फळ यायला आठ-दहा वर्षं सहज जातात. परपरागीकरणामुळे आईसारखं फळ येईल याची खात्री नसते. पाणचट, धाग्याचं, बी मोठी आणि गर पातळ असं काहीही निघू शकतं. सावलीसाठी लावायचं तर गोष्ट वेगळी. एक गुण दिलाय तो एवढ्यासाठी की, जोमदार बी-रोपावर पुढे चांगल्या जातीची काडी (फांदीचा तुकडा) भरता येते, म्हणजे कलम करता येतं.

स्थानिक कलम: अडीच, पण निवडून घेतलं तर साडेतीन

बाजारात सगळ्यात जास्त हेच दिसतं. भाव बी-रोपाच्या तिप्पट-चौपट. खाली फळबाजारातून गोळा केलेल्या बियांची मिसळ आणि वर पाचर कलम. काडी कुठल्या झाडाची, यावर सगळं अवलंबून. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या कोडगूतल्या चेट्टळ्ळी केंद्रावर निवडलेली ‘अर्का सुप्रीम’ आणि ‘अर्का कूर्ग रवी’, किंवा तमिळनाडू कृषी विद्यापीठाची ‘टीकेडी-१’ ही काडी खात्रीच्या ठिकाणाहून आली असेल, तर नाशिक शहरातल्या घरासाठी हा सौदा वाईट नाही. हासपेक्षा या जातींच्या गरात तेल कमी असतं, चव सौम्य लागते. पण एप्रिलच्या उन्हात त्या कमी कुरकुर करतात.

गडबड होते ती ‘हास’च्या लेबलात. हास मूळ कॅलिफोर्नियाची, १९३५ साली पेटंट घेतलेली जात. फळ लहान, साल खडबडीत, पिकताना हिरव्याची काळपट-जांभळी होणारी. पण दोन फुटांच्या कलमावर फळ नसतं, म्हणून तिथे काहीही खपून जातं. एक छोटी चाचणी करता येते. जोडाच्या वरचं एक पूर्ण वाढलेलं पान तोडून चुरगाळा आणि नाकाशी धरा. बडीशेपेसारखा स्पष्ट वास आला तर ती हास नव्हे. असा वास मेक्सिकन वंशाच्या झाडांच्या पानांना असतो, हासला जवळपास नसतो. उलटं मात्र खरं धरू नका. वास नाही म्हणजे हासच, असं होत नाही, कारण वेस्ट इंडियन वंशाच्या पानांनाही वास नसतो. मग जोडाच्या खालून फुटलेला एखादा कोंब असेल तर त्याचंही पान चुरगाळा. वर वास नाही आणि खाली आहे, म्हणजे निदान काडी आणि खुंट वेगळे आहेत एवढं तरी कळतं.

क्लोनल कलम: चार, पाण्याची सोय असेल तर

हजाराच्या बरंच वर जाणारं. याचा खुंट बियांचा नसतो, एकाच निवडक झाडाची नक्कल असतो, म्हणून दहा रोपं घेतली तर दहांची मुळं सारखी वागतात. ते तयार करण्याची रीत मजेशीर आहे. आधी एक बी रुजवतात, तिच्या कोवळ्या रोपावर हव्या त्या खुंटाची काडी भरतात, मग ते रोप अंधारात वाढवून कोंब पांढराफटक, लांब करतात. त्या पांढऱ्या भागाला मुळं फोडतात आणि खालच्या दाई-बीचा संबंध हळूहळू तोडतात. सगळ्यात शेवटी वर हास. म्हणजे खऱ्या क्लोनल कलमाला दोन जोड असतात. वरचा दिसतो, खालचा मातीत असतो आणि तिथे बहुधा आवळल्याची खूण किंवा कडं सापडतं. विकणारा ‘क्लोनल’ म्हणत असेल तर पिशवीच्या बाजूची माती दोन बोटं बाजूला करून दाखवायला सांगावं. खाली मोठी, जाडजूड, दोन फाकांची बी अजून चिकटलेली दिसली आणि सगळी मुळं तिच्यातूनच निघालेली असली, तर तुम्ही साध्या कलमाला क्लोनलचे पैसे देताय.

खुंटांची नावं चार ध्यानात ठेवावीत. ड्यूक-७ जुना, कॅलिफोर्नियाचा. डुसा दक्षिण आफ्रिकेचा, मूळकुजीला तोंड देण्यासाठी नावाजलेला. बाउंटीही त्याच कामासाठी घेतात. आणि इस्रायलमधले वेस्ट इंडियन वंशाचे खुंट, जे चुनखडी आणि खारं पाणी सोसण्यासाठीच निवडलेत. घर नाशिकच्या पूर्वेला, काळ्या चुनखडीच्या जमिनीवर आणि पाणी बोअरचं असेल तर चौथा प्रकार मिळवण्याचा हट्ट धरावा. पश्चिमेला, गिरणारे-त्र्यंबककडे जमीन तांबूस-निचऱ्याची आणि पाऊस धो-धो. तिथे मूळकूज हा मोठा शत्रू, म्हणून डुसा बरा. ‘इस्रायली हास’ एवढं लेबल असलं म्हणजे खुंटही इस्रायली, असं समजू नये. बिलावर जात आणि खुंट दोन्ही लिहून घ्यावेत. लिहून द्यायला खळखळ केली तर तेवढं उत्तर पुरेसं आहे.

पिशवी हातात घेतल्यावर

उंची सोडा. साठ-सत्तर सेंटिमीटरचं, पेन्सिलीएवढ्या जाड बुंध्याचं, चार-पाच लिटरच्या पिशवीतलं कलम चार फुटी उंचाड्यापेक्षा चांगलं. लहान पिशवीत वर्षभर अडकलेल्या रोपाची मुळं तळाशी गोल फिरतात. अवोकाडोची मुळं एकदा अशी वळली की जमिनीत गेल्यावरही ती गोलच फिरत राहतात, आणि तीन वर्षांनी झाड वाऱ्यात डुलायला लागतं. पिशवी उचलून तळाची भोकं बघा. एक-दोन पांढऱ्या मुळ्या डोकावत असतील तर उत्तम. दोरीसारखी जाड, तपकिरी मुळं बाहेर आली असतील तर ठेवून द्या. द्राक्षवाले ज्याला पांढरी मुळी म्हणतात तीच इथे खायचं काम करते. अवोकाडोच्या मुळांना मूलरोम जवळजवळ नसतात, त्यामुळे ही पांढरी टोकं गेली की झाडाचं तोंडच बंद होतं.

जोड मातीपासून वीतभर वर असावा. कलमाची प्लास्टिक पट्टी अजून गुंडाळलेली असेल तर तिच्याखाली खोड आवळलंय का ते बघा. आवळलेलं असेल तर पट्टी काढली तरी तिथे कमरेसारखी खाच राहते आणि पहिल्या वादळात तिथूनच मोडतं. जोडावर काळी रेघ किंवा फट नको.

एक गोष्ट नाशिकला वारंवार दिसते आणि ती विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. बाहेरून आलेलं कलम कोकोपीटच्या गोळ्यात असतं. इथे आणून मोठ्या पिशवीत बसवताना भोवती काळी माती भरतात. मग पाणी घातलं की माती चिंब आणि आतला गोळा कोरडा, किंवा उलटं: गोळा भिजतो आणि बाहेरची चिकण माती त्यातलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. मधल्या गोळ्यात बोट खुपसून बघावं. वर ओली आणि आत कोरडी ठणठणीत असं आढळलं तर ती खेप घेऊ नये.

कलमावर मोहोर किंवा वाटाण्याएवढी फळं दाखवून जादा पैसे मागतात. काडी फळत्या झाडाची असली की इतक्या लहानपणीही फुलं येतात, त्यात नर्सरीची करामत काही नाही. घरी आणल्यावर ती खुडूनच टाकायची आहेत. ‘दीड वर्षात फळ’ या जाहिरातीचा उगम हाच. खाण्याजोगं फळ धरायला तिसरं-चौथं वर्ष उजाडतं.

पाणी आणि माती, म्हणजे निम्मं परीक्षण इथेच

कलम कितीही चांगलं घ्या, पाणी खारं असेल तर पानांची टोकं करपणारच. अवोकाडोला पाण्यातला क्लोराइड झोंबतो. लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर गेला की जुन्या पानांच्या टोकांपासून तपकिरी करपा सुरू होतो आणि कडेकडेने मागे सरकतो. विद्युतवाहकता (पाण्यातल्या एकूण क्षारांचं माप) ०.७५ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आत हवी. द्राक्षाचं पाणी जिथे तपासतात तिथेच हेही तपासून मिळतं; कलमाच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ. नळाला येणारं गंगापूर धरणाचं पाणी या दृष्टीने सोन्यासारखं. बोअरचं वापरायचंच असेल तर पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी साठवून उन्हाळ्यात मिसळून द्यावं. एसीतून ठिबकणारं पाणी बिनक्षाराचं असतं, ते निर्धास्त घाला. आणि आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याची जी काटकसरी पद्धत घरोघरी पडलीय, ती अवोकाडोपुरती तरी बंद करा. त्या पाण्यात सगळ्या गाळलेल्या क्षारांचा अर्क असतो.

मातीला व्हिनेगरची चाचणी पुरते. कोरड्या मातीच्या ढेकळावर चमचाभर व्हिनेगर टाका. बुडबुडे येऊन फसफसलं तर चुना मोकळा आहे. अशा मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, अशी जाळी दिसू लागते. त्यावर ईडीटीए लोह घालणं म्हणजे पैसे पाण्यात. साडेसातच्या वरच्या सामूत (पीएच) ते टिकत नाही. ईडीडीएचए लोह घ्यावं, लहान झाडाला ५ ग्रॅम ५ लिटर पाण्यात विरघळवून मुळाशी, वर्षातून दोन-तीनदा. सगळ्या अंगणात गंधक ओतून सामू खाली आणण्याच्या भानगडीत पडू नका. मोकळा चुना असलेल्या काळ्या जमिनीत ते समुद्रात साखर टाकल्यासारखं होतं. माती बदलायची ती फक्त झाडाच्या उंचवट्यापुरती.

आता खड्डा. ‘घरी येऊन लावून देतो’ ही सेवा बऱ्याच नर्सऱ्या देतात, आणि तिथे सगळ्यात मोठी चूक पैसे देऊन करून घेतली जाते. तीन बाय तीनचा खड्डा, त्यात दोन टोपल्या शेणखत, भोवती खोल आळं, वर तुडुंब पाणी. आंब्याला हे चालतं. अवोकाडोला काळ्या जमिनीत किंवा मुरमात असा खड्डा म्हणजे निचरा नसलेला तळ आणि चार भिंतींचा हौद. आजूबाजूची जमीन पाणी ओढत नाही, सगळं पाणी त्या मऊ मातीत येऊन बसतं. चार दिवस मुळं बुडाली की फायटोफ्थोरा सिनामोमाय ही मूळकूज करणारी बुरशीसारखी जमात कामाला लागते. द्राक्षातल्या डाऊनी (केवडा) रोगाची ही भाऊबंद; तिचेही बीजाणू पाण्यात पोहतात.

लावायचं ते खड्ड्यात नाही, उंचवट्यावर. ४५ ते ६० सेंटिमीटर उंच, मीटर-सव्वा मीटर रुंद, घुमटासारखा ढीग. खालची जमीन फक्त फावड्याने खरवडून सैल करायची. आधी निचरा बघायचा असेल तर हातभर खोल खड्डा करून दोनदा पाणी भरा. दुसऱ्या वेळचं पाणी तासाला अडीच सेंटिमीटरही उतरत नसेल तर उंचवटा आणखी वाढवा किंवा सरळ मोठ्या पिशवीकडे वळा. ढिगासाठी इगतपुरी-त्र्यंबककडची तांबडी माती चार भाग, जाड वाळू किंवा बारीक खडी दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. ओलं शेण आणि कोंबडीखत नको, दोन्हींत क्षार फार.

पिशवी कापताना गोळा फुटू द्यायचा नाही. तळ ब्लेडने गोल कापा, बाजूला उभी चीर द्या, रोप ढिगात ठेवा आणि मग प्लास्टिक वर ओढून काढा. पायाने माती दाबू नका. पाणीच ती बसवतं. पिशवीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच, उलट बोटभर वरच ठेवा, कारण ढीग खचतो. मग जाडंभरडं आच्छादन: वाळका पाला, उसाचं पाचट, लाकडाचे तुकडे, १० ते १५ सेंटिमीटर जाडीचं, बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून. अवोकाडोची खाणारी मुळं वरच्या वीतभर थरातच असतात, आच्छादन कुजलं की ती त्यात शिरतात. बुंध्याभोवती कुदळीने ‘माती हलवून’ देणारा माळी हे झाड वर्षभरात संपवतो.

लावण्याची वेळ पाऊस ओसरताना, सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. जूनमध्ये लावलं तर काळ्या जमिनीत पहिले तीन महिने ते पोहतच असतं.

गच्चीवर वाढवायचं असेल तर

कलमासोबत नर्सरीवाला १२ बाय १२ इंचांची ग्रो बॅग पुढे करतो. ती २२ लिटरची असते. वर्षभरापुरती ठीक, फळासाठी निरुपयोगी. १८ बाय १८ मध्ये साधारण ७५ लिटर, २४ बाय २४ मध्ये पावणेदोनशे लिटर. फळ हवं तर शेवटची पायरी २४ चीच. भरून, भिजवून तिचं वजन दोनशे किलोच्याही वर जाऊ शकतं, तेव्हा ती तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवावी, स्लॅबच्या मध्यावर नव्हे; खाली विटा, म्हणजे तळाची भोकं मोकळी राहतात. काळ्या पिशव्या स्वस्त, पण एप्रिलमध्ये नैर्ऋत्येच्या बाजूचं कापड हाताला चटका देतं आणि त्या बाजूची मुळं भाजून निघतात. बाहेरून पांढरी पिशवी घ्यावी, किंवा काळीला ओलं गोणपाट गुंडाळावं.

‘अवोकाडो स्पेशल’ म्हणून मिळणारं तयार मिश्रण बहुतेक कोकोपीटच असतं. वर्षभरात ते एक-तृतीयांश खाली बसतं, रोप त्याच्यासोबत खड्ड्यात गेल्यासारखं दिसतं आणि मग वरून माती टाकून बुंधा गाडला जातो. तिथून खोडकूज. घरीच भरलेलं बरं: तांबडी माती चार, ६ ते १० मिलिमीटरची खडी किंवा पर्लाईट तीन, धुतलेलं कोकोपीट दोन, गांडूळखत एक. कोकोपीट न धुता वापरू नका. त्यात समुद्रकाठचं मीठ असू शकतं.

पाण्याचं माप हवामान ठरवतं. पहिल्या उन्हाळ्यात मोठ्या पिशवीतल्या रोपाला दिवसाला दोन-तीन लिटर, तिसऱ्या वर्षी सहा-आठ. पण मापापेक्षा वाफसा बघा. बोटभर खोल माती मुठीत धरली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा. गोळा चिकटून राहिला तर त्या दिवशी पाणी नको. महिन्यातून एकदा दुप्पट पाणी देऊन साठलेले क्षार तळातून बाहेर काढा.

पहिला उन्हाळा, पहिली थंडी

मार्चपासून ५० टक्क्यांची शेडनेट, पश्चिमेच्या बाजूला आडवी. हिरवं कोवळं खोड उन्हात भाजलं की साल तडकते, म्हणून बुंधा आणि उघड्या फांद्या पांढऱ्या करायच्या: पाण्यात विरघळणारा पांढरा रंग आणि पाणी निम्मं-निम्मं. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर ही बोर्डो पेस्ट घरात असेल तर तीही चालते. डाळिंबवाल्यांकडे ती हमखास सापडते. थंडीचा त्रास शहरात फारसा नाही. निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर उतरतो तेव्हा पहिल्या दोन वर्षांच्या झाडावर रात्री गोणपाट टाकावं आणि संध्याकाळी पाणी द्यावं.

खताला घाई नाही. नवी पालवी फुटल्याशिवाय काहीच देऊ नका. मग १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी. पोटॅश द्यायचं तर तांबडा म्युरेट नको, त्यात क्लोराइड आहे. द्राक्षाला वापरतात तो पांढरा ०:०:५० घ्या. जस्ताची कमतरता काळ्या जमिनीत नेहमीची, पानं अरुंद आणि लहान निघतात.

फुलाचं गणित, आणि दुसरं कलम कशाला घ्यायचं

‘जोडीने लावा’ असं नर्सरीवाला सांगतो तेव्हा तो खपवायला बघतोय असं वाटतं. इथे त्याचं निम्मं खरं आहे. अवोकाडोचं एकच फूल दोनदा उघडतं, आधी मादी म्हणून, दुसऱ्या दिवशी नर म्हणून. ‘अ’ गटाचं फूल पहिल्या दिवशी सकाळी मादी, दुसऱ्या दिवशी दुपारी नर. ‘ब’ गटाचं पहिल्या दिवशी दुपारी मादी, दुसऱ्या दिवशी सकाळी नर. म्हणजे सकाळी ‘अ’ला पराग हवा असतो तेव्हा तो ‘ब’कडे तयार असतो. हास, लॅम्ब हास, रीड, पिंकर्टन, वुर्ट्झ हे सगळे ‘अ’. फुएर्टे, झुटानो, बेकन, एटिंगर हे ‘ब’. म्हणून ‘जोडी’ म्हणून हास आणि रीड गळ्यात मारले जात असतील, तर ती जोडी परागापुरती कुचकामी. ज्या नर्सरीवाल्याला आपल्या मालाचे गट पाठ आहेत त्याच्यावर बाकीच्या बाबतीतही थोडा जास्त विश्वास ठेवायला हरकत नाही.

एकटं झाडही थोडंफार धरतं, कारण थंड दिवसांत वेळा सरकतात आणि नर-मादी फुलं एकाच वेळी उघडी सापडतात. नाशिकची सरती थंडी याला अनुकूल. हाताने मदत करायची तर सकाळी दहाच्या पुढे बघा. मादी अवस्थेत मधोमध एकच पांढरी कुक्षी ताठ उभी असते आणि पुंकेसर पाकळ्यांवर आडवे पसरलेले. नर अवस्थेत पुंकेसर उभे, त्यांच्या टोकांची बारीक झाकणं उचललेली आणि त्यावर चिकट पिवळा पराग. मऊ ब्रशने तो पराग त्या कुक्षीला नुसता टेकवायचा. हजार फुलांमागे एखादंच फळ टिकतं, तेव्हा खाली फुलांचा सडा पडला म्हणून घाबरून फवारण्या काढू नयेत. फुलोऱ्यात कीटकनाशक मारलं की सातेरी आणि फुलोरी मधमाश्या फिरकायच्या बंद होतात आणि मग खरंच काही धरत नाही.

जागा एकाच झाडाची असेल तर? अरुंद प्लॉटला रीड: सरळसोट वाढते, गोल मोठं फळ, हासपेक्षा ऊन थोडं जास्त सोसते. गच्चीवर वुर्ट्झ, ठेंगणी आणि लवती, मिळाली तर. हास पश्चिम पट्ट्यात. शहरात आणि पूर्वेला अर्का सुप्रीम किंवा टीकेडी-१. चाळीस अंशांचा कोरडा वारा सुटला की हासची गोटीएवढी फळं दोन दिवसांत गळतात, त्याला नर्सरीला दोष देऊन उपयोग नाही.

तक्रार घेऊन जाण्याआधी

रोप मलूल झालं, पानं लहान आणि फिकट पडली, आणि माती ओली आहे: ही मूळकूज. लोक इथे आणखी पाणी घालतात. बाजूची माती उकरून बारीक मुळ्या बघा. काळ्या, चिमटीत तुटणाऱ्या असतील तर पाणी ताबडतोब कमी करा, आच्छादन बाजूला करून चार दिवस हवा लागू द्या. जगभर यावर फॉस्फोनेट हे औषध वापरतात, पण निचरा सुधारला नाही तर तेही पुढच्या पावसापर्यंतच पुरतं. टोकं करपली तर पाणी तपासा. कोवळी पानं जाळीदार पिवळी झाली तर चुना. जोडाखालून जोमदार फुटवा आला आणि वरचा भाग थांबला, तर फुटवा बोटाने मुळापासून मोडून काढा, कात्रीने कापू नका. यातल्या कुठल्याच बाबतीत नर्सरी पैसे परत देणार नाही. पहिल्या महिन्यात जोड सुटला तर मात्र भांडून कलम बदलून घ्यावं, तो त्यांचाच दोष.

फळ कधी काढायचं

अवोकाडो झाडावर पिकत नाही. ‘मऊ होईल’ म्हणून वाट बघत बसलात तर तो गळेपर्यंत कडकच राहतो. देठाचा छोटा तुकडा ठेवून कात्रीने एक फळ कापा आणि फ्रीजबाहेर ठेवा. आठ-दहा दिवसांत न सुरकुतता सारखं मऊ झालं तर बाकीचीही तयार आहेत. देठाशी आक्रसलं, रबरासारखं झालं तर नाहीत. आकडा हवा असेल तर शंभर ग्रॅम गर किसून मंद आचेवर, वजन थांबेपर्यंत वाळवा. हासचे २३ ग्रॅम उरले की काढायला हरकत नाही. आणि कापलेल्या फळातली बी बघा. तिच्यावरचं साल पातळ, तपकिरी, कागदासारखं सुटत असेल तर फळ भरलंय. ते अजून पांढरट आणि जाड असेल तर फांदीवरच्या बाकीच्या फळांना आणखी तीन आठवडे हात लावू नका.